आरएक्स १०० चं गेलेलं पिकअप परत आणताना

यामाहाच्या टू-स्ट्रोक आरएक्स १०० बाइकचं बोअर-स्ट्रोक (सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव) ५० बाय ५० मिमी, म्हणजे ९८ सीसी. सिलिंडर झिजल्यावर आतून मोठा करून (बोअरिंग) ०.५० ओव्हरसाइज, म्हणजे अर्धा मिमी मोठा पिस्टन टाकला तरी इंजिन जेमतेम १०० सीसीचं होतं. बोअरिंगनंतर जोर जाणवतो तो गेलेलं कॉम्प्रेशन परत आल्यामुळे.

पिस्टन आधी आणला आणि त्याच्या मापानेच बोअर व होनिंग (आतली भिंत बारीक घासणं) करून घेतलं. उलट क्रमाने केलं की क्लिअरन्स (पिस्टन आणि सिलिंडरमधली मोकळी जागा) नशिबावर. पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या वायूच्या वाटांच्या) कडा हलक्या घासलेल्या हव्यात, नाहीतर पिस्टनची रिंग तिथे अडकून तुटते. रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तिच्या टोकांमधली फट मोजली, ०.२ ते ०.३ मिमी ठीक. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे, रिंगची टोकं खाचेतल्या पिनेवर, सर्कलिप (पिस्टनची पिन जागेवर धरणारी तारेची कडी) नवीनच. सर्कलिप लावताना क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा; ती आत पडली तर इंजिन उघडावं लागतं.

खरा घात कार्बोरेटरच्या रबरी जोडातली चीर करते. जास्तीची हवा शिरते, मिश्रण पातळ होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), पिस्टन तापून चिकटतो. सगळी चूक जेटिंगची (कार्बोरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या जेटच्या मापाची) समजून लोक महिनोन्‌महिने जेट बदलत बसतात! आधी जोड बदला, मग प्लग पाहा: पांढरा असेल तर मेन जेट एक नंबर मोठा, तपकिरी असेल तर हात लावू नका. पहिले ५०० किमी फुल थ्रॉटल नाही.