स्पोर्ट क्वाडचा क्लच घसरतो आहे? इंजिन उघडण्याआधी या चुका टाळा

पानशेतच्या बाजूला एका मित्राचे शेत आहे आणि तिथल्या चढउतारांवर आम्ही काही जण स्पोर्ट क्वाड, म्हणजे मोटरसायकलसारखे हँडल असलेली कच्च्या वाटांवरची चारचाकी, चालवतो. ही गाडी रस्त्यासाठी नसल्यामुळे पुण्यातून ती टेम्पोत चढवून न्यावी लागते, आणि इतके करून शेतावर पोहोचल्यावर पहिल्याच चढाला इंजिनचा आवाज वाढत जातो पण गाडी काही पुढे ओढत नाही, तेव्हा फार वाईट वाटते. मित्राच्या क्वाडला हेच झाले. गॅरेजमध्ये झाकण उघडून क्लच प्लेटांचा नवा संच बसवला गेला, आणि दोनच रविवारांत क्लच पुन्हा घसरू लागला. दोष प्लेटांचा नव्हताच. पातळी कमी दिसली म्हणून कोणीतरी घरात उरलेले मोटारीचे तेल इंजिनात ओतले होते आणि नव्या प्लेटाही त्याच तेलात भिजत राहिल्या होत्या. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की क्लचची तपासणी नेहमी बाहेरून आत करत जावी, आणि इंजिनचे झाकण सर्वांत शेवटी उघडावे.

यामाहा वायएफझेड ४५०, होंडा टीआरएक्स ४५०आर, सुझुकी एलटी-झेड ४०० यांसारख्या क्वाडमध्ये मोटरसायकलसारखाच तेलात बुडालेला, अनेक प्लेटांचा क्लच असतो. घर्षणाचा थर असलेली एक प्लेट, मग पोलादी प्लेट, पुन्हा घर्षणाची, अशी ती चळत स्प्रिंगांच्या दाबाने घट्ट धरलेली असते. हा दाब कमी पडला, प्लेटा झिजल्या किंवा त्यांच्यामधले तेल गरजेपेक्षा निसरडे झाले, तर पकड सुटते.

पहिली चूक निदानातच होते. सुट्या मुरमावर किंवा चिखलात मागची चाके जागीच फिरली, तरी आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही, आणि त्याला क्लच घसरणे समजले जाते. खात्री करायची असेल तर इंजिन पूर्ण गरम होऊ द्यावे, कारण थंड असताना हा दोष पुष्कळदा लपून राहतो. मग घट्ट, सपाट आणि मोकळ्या जमिनीवर सरळ रेषेत, वरच्या गिअरमध्ये मध्यम वेगाने जात असताना ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबावा. आवाज झटक्यात चढला आणि वेग मागे राहिला तर क्लच घसरतो आहे. आवाजही वाढला नाही आणि गाडी नुसती दबल्यासारखी चालली, तर दोष इंजिनच्या ताकदीत किंवा अडकलेल्या ब्रेकमध्ये शोधावा. काही स्पोर्ट क्वाडवर पार्किंग ब्रेकचा खटका क्लचच्या लिव्हरपाशीच असतो आणि तो अर्धवट लागलेला राहिला तर मागची डिस्क घासत राहते. झिजलेल्या स्प्रॉकेटवरून (साखळीच्या दातेरी चाकावरून) साखळी उडत असेल तर मात्र खटखट आवाजासह धक्के बसतात, त्यामुळे तो दोष वेगळा ओळखता येतो.

दुसरी चूक केबलची, आणि ती जाणकारही करतात. क्लच नीट धरत नाही म्हणजे केबल सैल झाली असावी, असे समजून ती आणखी ताणली जाते. प्रत्यक्षात केबल सैल झाली तर क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर अडखळतात आणि न्यूट्रल सापडत नाही. घसरण्याचे कारण याच्या उलट असते, कारण केबल फार ताणलेली असेल तर लिव्हर न दाबताही क्लच थोडासा दाबलेलाच राहतो. लिव्हरच्या टोकाशी थोडी मोकळीक असायलाच हवी. बहुतेक मॉडेलांत ती १० मिमीच्या आसपास असते, पण आपल्या गाडीचे मॅन्युअल सांगेल तेच माप धरावे. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही ही मोकळीक टिकते का, हे अवश्य पाहावे. अशा क्लचमध्ये प्लेटा झिजत जातात तशी ही मोकळीक आपोआप कमी होते, म्हणून ती वरचेवर संपत असेल तर आतली झीज वाढली आहे असे समजावे. चिखलात चालवल्यानंतर केबलमध्ये माती साचते आणि लिव्हर सोडल्यावरही केबल पूर्ण परतत नाही. अशा वेळी ॲडजस्टर फिरवत बसण्यापेक्षा केबल सरळ बदलावी.

तेलाबाबत कोणतीही तडजोड करू नये. मोटारीच्या अनेक तेलांत इंधन वाचवण्यासाठी घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात. मोटारीचा क्लच त्या तेलात बुडालेला नसल्यामुळे तिथे ती चालतात, परंतु आपल्या प्लेटांची पकड तीच नाहीशी करतात. डब्यावर जासो या जपानी मानकाचा एमए किंवा एमए२ हा दर्जा लिहिलेला पाहूनच तेल घ्यावे. एमबी दर्जाचे तेल कमी घर्षणाचे असून ते क्लच तेलात नसलेल्या स्कूटरसाठी योग्य असते. १०डब्ल्यू-४० हा आकडा केवळ दाटपणा सांगतो, त्यावरून क्लचची पकड कळत नाही, आणि दुकानात नेमकी इथेच फसगत होते. होंडा टीआरएक्स ४५०आरमध्ये इंजिनचे तेल वेगळे आणि क्लच-गिअरबॉक्सचे तेल वेगळे असते, त्यामुळे इंजिनचे तेल नियमित बदलणारा माणूसही क्लचचे तेल विसरू शकतो. ओढ्यातून गाडी घातल्यानंतर तेल दुधाळ चहासारखे दिसू लागले तर त्यात पाणी शिरले आहे असे समजून ते लगेच बदलावे आणि पाणी कुठून शिरले तेही शोधावे. चुकीचे तेल पडले असेल तर योग्य तेल भरून थोडे चालवावे, पुन्हा एकदा तेल बदलावे आणि त्यानंतरच प्लेटांविषयी निर्णय घ्यावा. जळका वास येईपर्यंत त्या घासल्या गेल्या नसतील तर पुष्कळदा पकड परत येते.

एवढे करूनही क्लच घसरत राहिला तर झाकण उघडण्याला पर्याय नाही. प्लेटा काढताना प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्यावा, कारण काही मॉडेलांत एक घर्षण प्लेट इतरांपेक्षा वेगळी असते आणि तिची जागा चुकली तर क्लच धक्के देऊ लागतो. घर्षण प्लेटांची जाडी व्हर्निअरने अनेक ठिकाणी मोजावी. पोलादी प्लेटा जाड काचेवर ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) वाकडेपणा पाहावा आणि निळसर पडलेली प्लेट पुन्हा वापरू नये. स्प्रिंगांची मोकळी लांबी मोजण्याचे काम सर्रास टाळले जाते, वास्तविक तापून आखूड झालेल्या स्प्रिंगांवर नव्या प्लेटाही घसरतात. घर्षण प्लेटा पॉलिश पेपरने घासून खडबडीत करणे हा उपाय फार काळ टिकत नाही, आणि झिजलेल्या प्लेटांवर कडक स्प्रिंग चढवली तर दोष फक्त काही दिवस झाकला जातो.

नव्या घर्षण प्लेटा बसवण्याआधी त्याच दर्जाच्या तेलात रात्रभर बुडवून ठेवाव्यात, कारण कोरड्या बसवलेल्या प्लेटा पहिल्याच चढाला जळू शकतात. नाना पेठेत सुटे भाग घ्यायला जाताना जुनी प्लेट सोबत न्यावी आणि दात मोजून, व्यास ताडून घ्यावा. झाकणाचे पॅकिंगही नवेच टाकावे. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडेथोडे करत, टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) मॅन्युअलमधल्या मापापर्यंतच आवळावेत. ते माप आश्चर्य वाटावे इतके कमी असते आणि हाताच्या अंदाजाने आवळलेला बोल्ट ॲल्युमिनियमचे आटे सहज खाऊन टाकतो. जोडणी झाल्यावर लिव्हरची मोकळीक नव्याने बसवावी आणि पहिल्या फेरीनंतर इंजिन थंड झाले की पुन्हा एकदा तपासावी.