कोकणातील भातखाचरात बटाटा: नैसर्गिक जैवउत्तेजके केव्हा आणि कशी द्यावीत

कोकणात बटाटा घाटावरून येतो आणि पुढेही येत राहील; तरीही भात कापल्यानंतर मोकळ्या पडणाऱ्या खाचरात, विहिरीचे गोडे पाणी फेब्रुवारीअखेरपर्यंत टिकत असेल तर, घरापुरता बटाटा घेता येतो. येथे खरी अडचण मातीपेक्षा रात्रीच्या उष्म्याची आहे. रात्रीचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या खाली उतरले तरच कंद नीट धरतात व पोसतात. रात्री उबदार राहिल्या तर पाला माजतो आणि बटाटा सुपारीएवढाच राहतो. म्हणून ऐन किनाऱ्यापेक्षा सह्याद्रीच्या पायथ्याकडील गावांत हे पीक अधिक साधते. समुद्री शेवाळाचा अर्क, शेवग्याच्या पाल्याचा रस, ह्युमिक आम्ल (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थातून मिळणारे आम्ल), जीवामृत (शेण-गोमूत्र आंबवून केलेले द्रावण) यांसारखी जैवउत्तेजके, म्हणजे झाडाच्या वाढीला चालना देणारे पदार्थ, मुळांची वाढ सुधारतात आणि उष्णतेचा ताण काही प्रमाणात सुसह्य करतात. मात्र ती झाडाचे अन्न नव्हेत, त्यामुळे शेणखताची किंवा पालाशाची (पोटॅशची) जागा ती घेऊ शकत नाहीत. त्यांचा खरा उपयोग दोनच वेळी होतो: झाड मुळे धरत असताना आणि कंद धरू लागताना.

जागा निवडताना ज्या वाफ्यात वांगी, टोमॅटो किंवा मिरची मर रोगाने गेली असेल तो वाफा टाळावा, कारण तोच जिवाणू बटाट्यालाही मारतो आणि कोणतेही टॉनिक त्यावर चालत नाही. पावसाळाभर पाणी साचलेले भातखाचर या दृष्टीने अधिक सुरक्षित असते. जांभ्या मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) बहुधा ५ ते ६ च्या आसपास असतो व तो बटाट्याला मानवतो. चुना किंवा चुलीतील राख सढळ हाताने टाकल्यास आम्लता घटते आणि सालीवर खपली (खरबरीत डागांचा रोग) धरण्याची शक्यता वाढते. गुंठ्याला २०० ते २५० किलो चांगले कुजलेले शेणखत मिसळून ६० सेंटिमीटर अंतरावर वरंबे ओढावेत.

लागवड नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उरकावी. गुंठ्याला २५ ते ४० किलो बेणे लागते. कुफरी सूर्या हा वाण उष्णता सहन करण्यासाठीच विकसित केलेला असल्याने मिळाल्यास तोच घ्यावा. बेणे कापण्याऐवजी ३० ते ५० ग्रॅमचे अखंड, कोंब फुटलेले बटाटे २० सेंटिमीटरवर लावावेत, कारण कापताना विळीमार्फत मर एका बटाट्यावरून दुसऱ्यावर जाते. वरंब्यावर भाताचा पेंढा पसरला की माती थंड राहते. या एका फुकटच्या उपायाला मी कोणत्याही बाटलीपेक्षा वरचे स्थान देईन.

उगवण पूर्ण झाल्यावर पहिली मात्रा मुळांशी द्यावी. २० लिटर पाण्यात एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम कुळथाचे पीठ आणि बांधावरची मूठभर माती कालवून, सावलीत दोन दिवस ठेवून, सकाळ-संध्याकाळ ढवळल्यास जीवामृत तयार होते. ते आठवड्याच्या आत, गुंठ्याला पाच लिटर या प्रमाणात पाण्यात मिसळून ओल्या मातीत ओतावे. आपल्या जांभ्या मातीत लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) धरून ठेवतात. त्यातील काही भाग मोकळा होण्यास ह्युमिक आम्लाचीही मदत होते. ते विकत घ्यायचे असल्यास वेष्टनावरील मात्रेबाहेर जाऊ नये. जैवउत्तेजके २०२१ पासून खत नियंत्रण आदेश १९८५ च्या कक्षेत आली आहेत, त्यामुळे वेष्टनावर घटक, मात्रा आणि पीक छापलेले नसलेली बाटली परत करावी.

दुसरी मात्रा लागवडीनंतर साधारण ३० ते ४० दिवसांनी, भर देण्याच्या (बुंध्याशी माती चढवण्याच्या) सुमारास, पानांवर द्यावी. किनाऱ्यावर वाहून आलेले ताजे शेवाळ गोळा करावे. खडकावरचे जिवंत शेवाळ खरवडू नये आणि मालवणच्या सागरी अभयारण्याच्या हद्दीत तर हातही लावू नये. शेवाळ गोड्या पाण्यात तीन-चार वेळा धुवावे, कारण अंगचे मीठ राहिले तर पानांच्या कडा करपतात. ते बारीक चिरून, किलोला एक लिटर पाणी घालून तासभर मंद उकळावे आणि थंड झाल्यावर फडक्यातून गाळावे. पाच लिटर फवाऱ्यात पाव लिटर अर्क पुरेसा होतो. दाट फवारल्यास वाढ खुंटते. पाच लिटरांत एक गुंठा भिजतो. शेवाळ मिळत नसेल तर शेवग्याचा कोवळा पाला थोड्या पाण्यात वाटून, पिळून, एका भाग रसात ३० भाग पाणी घालून त्याच दिवशी फवारावा. मासळीच्या आतड्यांचा गूळ घालून आंबवलेला अर्कही अनेक घरी करतात. त्यात नत्र असते, म्हणून तो भर देण्यापूर्वीच वापरावा. खारवलेल्या मासळीचा तर करूच नये. मांजरांचा बंदोबस्त ज्याने त्याने पाहावा.

फवारणी ऊन उतरल्यावर करावी आणि पंधरा दिवसांनी एकदा पुन्हा करावी. लागवडीला साठ दिवस झाल्यानंतर तिचा विशेष लाभ होत नाही. सुपारीवर बोर्डो मिश्रण (मोरचूद व चुन्याचे बुरशीनाशक) मारलेला पंप स्वच्छ धुतल्याशिवाय जीवामृतासाठी घेऊ नये, कारण तांब्याचा अंश त्यातील जिवाणू मारतो. खाडीकाठच्या विहिरीचे पाणी खारट लागू लागले असेल तर ते फवारणीलाही चालत नाही.

सुरुवातीलाच एक वरंबा वेगळा राखावा. त्याला बाकी सर्व तेच द्यावे, फवारणी मात्र साध्या पाण्याची करावी. पाला पिवळा पडू लागला की पाणी तोडावे, पाला कापावा आणि साल घट्ट होण्यासाठी दहा दिवस थांबून काढणी करावी. मग राखलेल्या वरंब्याच्या आणि शेजारच्या वरंब्याच्या सारख्याच लांबीच्या भागातील बटाटे, मोठे व बारीक निवडून, वेगवेगळे तोलावेत. वाढीव बटाट्याची बाजारातील किंमत बाटलीच्या किमतीपेक्षा कमी भरली, तर पुढच्या वर्षी बाटली आणू नये आणि पेंढा दुप्पट पसरावा.