मुंबईत दगड ओळखताना या चुका टाळा

दादर चौपाटीला ओहोटी होती. सहावीतल्या एका मुलानं धावत येऊन माझ्या हातात मुठीएवढा दगड ठेवला. "बाई, काँग्लोमरेट! पुस्तकातल्यासारखा!" काँग्लोमरेट म्हणजे गोल गोटे सांधून बनलेला गाळाचा खडक. हा दगडही करडा, गुळगुळीत, आत काळे तुकडे घट्ट बसलेले. मी तो उलटा केला, तर मागे गंजलेल्या तारेचं टोक दिसलं. पाडलेल्या इमारतीच्या स्लॅबचा तुकडा होता तो, समुद्रानं वर्षानुवर्षं घासून गोल केलेला.

त्याचा चेहरा पडला, पण त्याची नजर चुकली नव्हती. गाळाचा खडक असाच तर बनतो! नदी गोटे आणि वाळू आणून टाकते, त्यावर आणखी गाळ साचतो, दाब वाढतो, आणि कणांमधून झिरपणाऱ्या पाण्यातला चुना, सिलिका (गारगोटीचं द्रव्य) किंवा लोह सिमेंटचं काम करतं. मग मी त्याला आतले काळे तुकडे नखानं चाचपायला लावले. प्रत्येकाला कोपरे होते. लांबून वाहत आलेला गोटा गोल होतो. कोपरे शाबूत आहेत म्हणजे तुकडा फारसा वाहिलेला नाही. ही क्रशरमधून निघालेली खडी होती.

म्हणून मुंबईत पहिली चूक टाळायची ती ही: जिथे सापडला तिथलाच दगड आहे असं धरून चालणं. आपला किनारा पुष्कळसा भरावाचा आहे. विटा, टाइल्स, काँक्रीट, खाणीतून ट्रकनं आणलेले धोंडे, सगळं लाटांनी घासलं जातं आणि 'नैसर्गिक' दिसू लागतं. जमिनीला जोडलेला, हलवता न येणारा खडक आधी पाहा. सुटा दगड त्यानंतर.

काळा म्हणजे बेसाल्ट, पिवळा म्हणजे वाळूचा?

रंगावरून ओळखण्याची सवय सगळ्यात जास्त फसवते. जीपीओसमोर, म्हणजे मुंबईच्या मुख्य टपाल कार्यालयासमोर उभे राहा. १९१३ साली पूर्ण झालेल्या त्या इमारतीत काळा बेसाल्ट (म्हणजे थिजलेला लाव्हा), कुर्ल्याचा पिवळा दगड आणि गुजरातमधल्या ध्रांगध्राचा पांढरा दगड शेजारी शेजारी आहेत. पिवळा बघितला की मुलं लगेच 'वालुकाश्म' लिहितात. पण आपला प्रसिद्ध मालाड स्टोन पिवळसर असूनही ट्रॅकाइट आहे, म्हणजे ज्वालामुखीचाच. बेसाल्टपेक्षा त्यात सिलिका जास्त, म्हणून रंग फिका.

उलट बाजूनं स्वयंपाकघरातला कडप्पा घ्या. काळाकुट्ट, पण तो आंध्रातला चुनखडक, समुद्राच्या तळाशी साचलेला. ओट्यावर लिंबाचा रस सांडून राहिला की चकाकी जाते ती त्यामुळेच. आणि दुकानात 'ब्लॅक ग्रॅनाइट' म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतोच. डोलेराइट किंवा गॅब्रो असतो, म्हणजे बेसाल्टच्याच कुळातला, पण मोठ्या दाण्यांचा. दुकानदार फसवतो असं नाही, धंद्यात पॉलिश होणाऱ्या प्रत्येक कठीण दगडाला ग्रॅनाइटच म्हणतात. मुलांनी मात्र वहीत तसं लिहू नये.

रंगाऐवजी कण पाहा. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. वितळलेल्या रसातून थिजलेल्या दगडात खनिजांचे दाणे सुटे ओळखू आले, तर तो रस जमिनीखाली सावकाश थंड झाला. दाणे दिसतच नाहीत इतके बारीक असतील, तर तो जमिनीवर येऊन झटपट थंड झाला.

व्हिनेगरची चाचणी फसते तेव्हा

चुनखडकावर व्हिनेगरचा थेंब टाकला की फेस येतो, त्यावरून तो ओळखतात. पण "बाई, बेसाल्टवर पण फेस आला!" हे मी दरवर्षी ऐकते. लाव्हा थिजताना त्यातल्या वायूचे बुडबुडे आत अडकतात आणि पोकळ्या राहतात. पुढे पाणी झिरपून त्या पोकळ्यांत झिओलाइट, गारगोटी, कॅल्साइट अशी खनिजं भरतात. थेंब नेमका कॅल्साइटच्या पांढऱ्या ठिपक्यावर पडला की फेस येणारच. थेंब काळ्या भागावर टाका. आणि चुनखडक असूनही फेस येत नसेल, तर खिळ्यानं खरवडून पूड काढा आणि पुडीवर टाका. व्हिनेगर सौम्य असतं, त्याला बारीक पूड लागते.

याच पांढऱ्या ठिपक्यांना पुष्कळ जण शिंपले किंवा जीवाश्म समजतात. तेवढं सांभाळा, पण 'मुंबईत लाव्हा आहे, म्हणजे जीवाश्म असूच शकत नाहीत' असंही म्हणू नका. लाव्ह्याच्या दोन प्रवाहांच्या मधल्या शांत काळात इथे तळी होती, त्यांत गाळ साचत होता. वरळीच्या अशाच थरातल्या इवल्याशा बेडकांचं वर्णन १८४७ मध्येच प्रसिद्ध झालं आहे. ज्या वरळीत आज मान वर करून टॉवर पाहतो, तिथे एकेकाळी बेडूक डरावत होते, हे सांगताना मला अजूनही भरून येतं.

थर दिसले की गाळाचा, असं नाही

लाव्हाही एकावर एक थरांनी साचतो. सह्याद्रीचे कडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते त्यामुळेच. अंधेरीची गिल्बर्ट हिल तर उभ्या खांबांची. ते खांब कोणी घडवलेले नाहीत, आणि आडवे थर उभे झालेत असंही नाही. थंड होताना लाव्हा आकसला, आटलेल्या तळ्यातला चिखल भेगाळतो तसा भेगाळला, आणि भेगा खोलवर उतरत गेल्या.

तिथून जवळच्या महाकाली लेण्यांचा दगड आणखी गोंधळात टाकतो, कारण तो तुकड्यातुकड्यांचा आहे. इथे पुन्हा कोपरे पाहा. ती ज्वालामुखी ब्रेशिया आहे, म्हणजे ज्वालामुखीनंच फोडलेले आणि सांधलेले तुकडे.

वरचं कवच पाहून निर्णय देऊ नका, हेही इथेच सांगते. हवापाण्यानं बेसाल्टमधलं लोह गंजतं, धोंड्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात, त्याचा मुरूम होतो. बाहेरून तपकिरी असलेला तोच दगड आत काळा निघतो. फार पुढे गेलेलं विदारण पाहायचं असेल तर माथेरानला जा, पायाखालचा लाल जांभा म्हणजे तेच.

वितळला की रूपांतरित झाला?

नाही. वितळून पुन्हा थिजला, तर तो अग्निजन्य. रूपांतरित खडक घन राहूनच बदलतो, भट्टीत माती न वितळता वीट होते तसा. चाळीतली शहाबादी फरशी चुनखडक आहे. चुनखडकच उष्णता आणि दाबाखाली नव्यानं स्फटिक धरतो तेव्हा संगमरवर होतो. मुंबईच्या जमिनीत संगमरवर मिळणार नाही, इथला आहे तो बाहेरून आलेला.

शिवाय खडकचक्राच्या तक्त्यातल्या बाणांच्या गोल चक्राप्रमाणे अग्निजन्य, मग गाळाचा, मग रूपांतरित अशी रांग नसते. बेसाल्ट गाळ न होता थेट रूपांतरित होऊ शकतो, आणि रूपांतरित खडकही उघडा पडला की झिजून गाळ होतो.

गिल्बर्ट हिल, लेणी आणि राष्ट्रीय उद्यान इथे हातोडा चालवू नका, तुकडाही उचलू नका. फोटो काढा, शेजारी नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो.

दादरचा तो तुकडा मुलानं टाकला नाही. संध्याकाळी त्यानं विचारलं, "बाई, काँक्रीट नवीन, पण आतली खडी?" मी त्याला भिंग दिलं. दाणे दिसले नाहीत. त्यानं चिठ्ठीवर लिहिलं: 'काँक्रीट, दादर. आतली खडी बेसाल्टची, सुमारे ६ कोटी वर्षांची.'