प्रभागातील घडामोडींचे माहितीपत्र कसे चालवावे

रस्ता खोदला गेल्यावर, नळ कोरडे पडल्यावर किंवा हरकती नोंदवण्याची मुदत उलटून गेल्यावर बातमी कळणे, हा शहरात राहणाऱ्या बहुतेकांचा नेहमीचा अनुभव आहे. ही माहिती कुणी दडवलेली असते असे नाही. ती जाहीर निवेदनांत, निविदा सूचनांत, समित्यांच्या कार्यपत्रिकांत, म्हणजे बैठकीपुढील विषयांच्या याद्यांत, आणि क्षेत्रीय कार्यालयाच्या सूचनाफलकावर असते. फक्त ती ज्या भाषेत आणि ज्या ठिकाणी असते, तिथवर दिवसभर कामात गुंतलेला रहिवासी पोहोचत नाही. प्रभागातील चार-पाच जणांनी मिळून आठवड्याला एक पानाचे माहितीपत्र काढले, तर हे अंतर बरेच कमी होते. हे काम कसे उभे करावे, याचे मार्गदर्शन महाराष्ट्रातील महानगरपालिका क्षेत्र डोळ्यांसमोर ठेवून येथे केले आहे.

आधी हद्द निश्चित करावी

पहिली गल्लत येथेच होते. निवडणुकीसाठी आखलेला प्रभाग आणि प्रशासनाच्या सोयीसाठी केलेला विभाग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुंबईत नगरसेवक निवडून देणारे प्रभाग २२७ आहेत, तर तक्रारी, परवानग्या आणि देखभालीची कामे ‘जी उत्तर’, ‘के पश्चिम’ अशा नावांच्या प्रशासकीय विभागांतून चालतात आणि अशा एका विभागात अनेक प्रभाग येतात. पुण्यासारख्या शहरांत हेच काम क्षेत्रीय कार्यालये करतात. शिवाय तेथील प्रभाग बहुसदस्यीय असल्याने एकाच वस्तीसाठी तीन-चार नगरसेवक असतात. त्यामुळे प्रत्येक बातमीबरोबर ती कोणत्या कार्यालयाच्या अखत्यारीतील आहे हे लिहिणे आवश्यक ठरते.

प्रभागरचनेच्या अंतिम अधिसूचनेत हद्दीचे शब्दांत वर्णन आणि नकाशा दिलेला असतो. तो मिळवून आपल्या भागातील गल्ल्या, सोसायट्या, चाळी आणि वस्त्या यांची यादी करावी. एखाद्या रस्त्याची एक बाजू आपल्या प्रभागात आणि दुसरी शेजारच्या प्रभागात, असे पुष्कळदा आढळते. अशा रस्त्याची नोंद वेगळी ठेवावी, कारण दुर्लक्ष सर्वांत जास्त अशाच ठिकाणी होते.

याच यादीत आणखी एक रकाना ठेवावा : कोणत्या गल्लीला कोणत्या टाकीवरून पाणी येते. त्याचा उपयोग पुढे दिसेल.

माहितीचे मार्ग बांधावेत

क्षेत्रीय कार्यालयाचा सूचनाफलक, महानगरपालिकेचे संकेतस्थळ आणि वर्तमानपत्रांतील जाहीर सूचना हे तीन मार्ग रोजचे आहेत आणि ते कुणी पाहायचे याची वाटणी सुरुवातीलाच करावी. बाकीची माहिती माणसांकडून मिळते. पाणी सोडणारे कर्मचारी, सफाईचे मुकादम, आरोग्य निरीक्षक आणि प्रभागाचे काम पाहणारे कनिष्ठ अभियंता यांना उद्या काय होणार हे सर्वांत आधी ठाऊक असते. त्यांना आपल्या उपक्रमाची कल्पना द्यावी, त्यांच्या सोयीची वेळ विचारून घ्यावी आणि त्यांनी ओघात सांगितलेल्या गोष्टी त्यांच्या नावासह छापू नयेत. हा विश्वास एकदा तुटला की पुन्हा जुळत नाही.

समित्यांच्या बैठकांकडे मात्र आपण फार कमी लक्ष देतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. १ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या अनिवार्य केल्या आहेत आणि महाराष्ट्राच्या कायद्यात अशा समितीवर स्वयंसेवी व वस्तीपातळीवरील संस्थांच्या जास्तीत जास्त तीन प्रतिनिधींना घेण्याची तरतूद आहे. बैठकीची कार्यपत्रिका आधी आणि इतिवृत्त (बैठकीत काय ठरले याची नोंद) नंतर, असे दोन्ही कागद मागावेत. कोणता विषय मांडला गेला आणि कोणता तहकूब झाला, हे त्यांतून कळते; वारंवार तहकूब होणारा विषय ही स्वतःच एक बातमी असते.

साध्या विचारण्याने कागद मिळत नसेल, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आहे. महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये करावा लागतो, शुल्क १० रुपये आहे, अर्ज एकाच विषयावर आणि साधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा, आणि उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. ‘आमच्या रस्त्याचे काय झाले’ असा मोघम प्रश्न विचारण्याऐवजी ‘अमुक रस्त्याच्या कामाच्या कार्यादेशाची (ठेकेदाराला काम सुरू करण्यास सांगणाऱ्या लेखी आदेशाची) प्रत’ असे कागदाचे नाव घेऊन मागावे. त्याआधी प्रत्यक्ष अभिलेख, म्हणजे कार्यालयातील कागदपत्रे, पाहता येतात का, हे विचारावे. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असा आदेश राज्य शासनाने २०१८ साली महानगरपालिकांसह स्थानिक कार्यालयांना दिला होता. आपल्या कार्यालयात सध्या ही व्यवस्था कशी आहे याची चौकशी करून जावे.

निवेदन घ्यावे, पण जसेच्या तसे देऊ नये

समजा, पाणीपुरवठा विभागाचे निवेदन आले आहे. त्यात अमुक जलकेंद्रात विद्युत आणि स्थापत्यविषयक देखभाल-दुरुस्तीची कामे असल्याने अमुक टाक्यांवर अवलंबून असलेल्या भागांचा पाणीपुरवठा गुरुवारी बंद राहील आणि शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येण्याची शक्यता आहे, असे लिहिलेले असते. पुढे भागांची लांबलचक यादी असते आणि तीत आपल्या गल्लीचे नाव बहुधा नसते.

येथे आपली यादी कामी येते. टाकीचे नाव पाहून आपल्या कोणत्या गल्ल्या बाधित होतात ते शोधावे आणि मग असे लिहावे : ‘गुरुवारी दिवसभर पाणी येणार नाही. शुक्रवारी सकाळचे पाणी उशिरा आणि कमी दाबाने येण्याची शक्यता आहे. शाळेमागच्या तिन्ही गल्ल्या आणि टेकडीकडील वस्ती यांनी बुधवारीच साठा करावा. चढावरच्या घरांना पाणी सर्वांत शेवटी पोहोचते. मुख्य रस्त्याच्या पश्चिमेकडील सोसायट्या दुसऱ्या टाकीवर असल्याने त्यांना ही सूचना लागू नाही.’ शेवटच्या वाक्याचे महत्त्व कमी लेखू नये. आपल्याला लागू नाही हे कळणे, हीसुद्धा रहिवाशाला मिळालेली माहितीच आहे.

हाच क्रम प्रत्येक बातमीला लावावा. प्रथम काय बदलणार आणि कधी, मग कुणासाठी, मग रहिवाशाने काय करावे, आणि शेवटी ही माहिती कुठून व कोणत्या तारखेला मिळाली. कार्यालयीन कारणे सर्वांच्या शेवटी आली तरी चालतात.

‘मंजूर झाले’ म्हणजे काय झाले, हे लिहावे

प्रभागातील बातम्यांत सर्वाधिक फसगत ‘मंजूर’ या शब्दाने होते, म्हणून येथे थोडे थांबणे योग्य ठरेल. एखाद्या कामासाठी अंदाजपत्रकात तरतूद होते, तेव्हा फक्त पैसे बाजूला ठेवलेले असतात. त्यानंतर पूर्वगणनपत्रक (कामाच्या खर्चाचा तपशीलवार अंदाज) तयार होते, त्याला मंजुरी मिळते, निविदा निघते, मोठ्या कामाची निविदा स्थायी समितीपुढे जाते, आणि सर्वांत शेवटी ठेकेदाराच्या हाती कार्यादेश पडतो. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर ‘काम मंजूर’ असा फलक लागू शकतो आणि भूमिपूजनही होऊ शकते. रहिवाशाच्या दृष्टीने मात्र कार्यादेशाची तारीख आणि त्यात दिलेली काम पूर्ण करण्याची मुदत हीच खरी बातमी आहे.

म्हणून माहितीपत्रात प्रत्येक कामापुढे ते नेमके कोणत्या टप्प्यावर आहे हे लिहावे. तरतूद झालेली रक्कम वर्गीकरणाने, म्हणजे अंदाजपत्रकातील फेरबदलाने, दुसऱ्या कामाकडे वळवली जाऊ शकते आणि आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपत असल्याने न वापरलेली तरतूद हातची जाऊ शकते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत अशा सर्व कामांची स्थिती विचारून एक स्वतंत्र अंक काढावा. त्या वेळी प्रश्न विचारला तर निविदेला अजून अवकाश असतो. पुण्यात २००६ पासून सहभागी अंदाजपत्रकाची पद्धत आहे आणि नागरिकांना आपल्या भागातील लहान कामे सुचवता येतात. अशा सूचना अर्थसंकल्पाच्या कितीतरी आधी मागवल्या जातात, म्हणून अर्जाची मुदत कळताच ती पहिल्या पानावर द्यावी.

काम सुरू झाल्यावर जागेवरील माहितीफलकाचे छायाचित्र घ्यावे. कामाचे नाव, ठेकेदार, रक्कम, सुरू आणि पूर्ण होण्याच्या तारखा आणि दोष दायित्व कालावधी हे तपशील फलकावर आहेत का ते पाहावे. फलकच नसेल, तर तसे लिहावे आणि अभियंत्यांना विचारावे. दोष दायित्व कालावधी विशेष जपून ठेवावा. या काळात रस्ता उखडला तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते आणि ती तारीख दाखवून तक्रार केली की उत्तर टाळणे अवघड जाते.

खातरजमा आणि पाठपुरावा

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेला संदेश बातमी म्हणून कधीही पुढे पाठवू नये. त्यावर तारीख नसते, शहर नसते, आणि जुने निवेदन दरवर्षी नव्याने फिरते. जारी करणारे कार्यालय, दिनांक आणि शक्य असल्यास जावक क्रमांक पाहावा. शंका असेल तर संबंधित विभागाला दूरध्वनी करून मगच छापावे. खातरजमा झाली नसेल पण विषय तातडीचा असेल, तर ‘कार्यालयाकडून दुजोरा मिळालेला नाही’ असे स्पष्ट लिहावे.

माझ्या मते माहितीपत्राची खरी किंमत पाठपुराव्यावर ठरते. एक साधी वही पुरेशी आहे : बातमी कधी दिली, आश्वासन कुणी दिले, तारीख कोणती सांगितली आणि त्या तारखेला काय आढळले. प्रत्येक अंकात ‘मागील अंकातील विषयांचे पुढे काय झाले’ हे सदर असावे आणि ते शक्य तितके कोरडे असावे. ‘१० तारखेपर्यंत चेंबरचे झाकण बसवू असे सांगितले होते, १२ तारखेला सकाळी झाकण बसलेले नव्हते’ एवढे पुरे. राग व्यक्त करणारी विशेषणे घातली की कार्यालय त्या विशेषणांना उत्तर देते आणि झाकण तसेच राहते. काम झाले असेल, तर तेही तितक्याच ठळकपणे नोंदवावे आणि ज्या कर्मचाऱ्यांनी ते केले त्यांच्या विभागाचा उल्लेख करावा.

‘अमुक यांच्या प्रयत्नांना यश’ हा मथळा मात्र टाळावा. नगरसेवक, माजी नगरसेवक किंवा इच्छुक उमेदवार यांच्याकडून मिळालेली माहिती जरूर वापरावी, तिचा स्रोत सांगावा, परंतु माहितीपत्रासाठी त्यांच्याकडून पैसे, छपाई किंवा कागद घेऊ नये. रहिवाशांनी थोडी थोडी वर्गणी काढावी आणि वर्षाचा हिशेब त्याच पानावर द्यावा. निवडणूक जाहीर झाल्यावर उमेदवारांची छायाचित्रे आणि आवाहने पूर्णपणे बंद ठेवावीत; मतदार यादीतील नाव तपासण्याची मुदत, मतदान केंद्र आणि आपला प्रभाग क्रमांक एवढी माहिती द्यावी.

घरोघर पोहोचवताना

व्हॉट्सअ‍ॅप गट करायचा असेल तर त्यात केवळ चालकांनाच संदेश टाकता येतील अशी व्यवस्था ठेवावी, अन्यथा शुभेच्छा आणि वादविवादांत पाणीकपातीची सूचना बुडून जाते. गटात परस्परांचे क्रमांक सर्वांना दिसतात, म्हणून अनेकांना चॅनेल किंवा प्रसारण यादी अधिक सोयीची वाटते. मात्र केवळ फोनवर विसंबू नये. वस्तीतील सार्वजनिक नळाजवळ, चाळीच्या जिन्यात, दवाखान्यात आणि रेशन दुकानाबाहेर मोठ्या अक्षरांत एक पान लावावे. घरकाम करणाऱ्या महिला, सुरक्षारक्षक आणि ज्येष्ठ नागरिक यांच्यापर्यंत ते त्याच मार्गाने जाते.

ठरावीक अंतराने बातम्या देणारे छापील नियतकालिक काढण्याचा विचार असेल, तर १ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायद्यानुसार नोंदणी आवश्यक आहे. छपाई सुरू करण्याआधी या बाबतीत जाणकाराचा सल्ला घ्यावा.

तक्रारदाराचे नाव, घर क्रमांक किंवा फोन क्रमांक त्याच्या स्पष्ट परवानगीशिवाय देऊ नये. अनधिकृत बांधकामाची तक्रार करणाऱ्याला याचा त्रास लगेच भोगावा लागतो. एखाद्या व्यक्तीवर गैरव्यवहाराचा आरोप करण्याइतका कागद हाती नसेल, तर कामाबद्दल लिहावे, व्यक्तीबद्दल लिहू नये. बदनामी हा भारतीय न्याय संहितेखालीही गुन्हा आहे. आपली चूक झाली, तर पुढच्या अंकात त्याच जागी दुरुस्ती द्यावी आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा चुकीचा संदेश पाठवलेल्या प्रत्येक ठिकाणी सुधारित संदेश पाठवावा.

पहिल्या अंकासाठी मोठ्या बातमीची वाट पाहू नये. क्षेत्रीय कार्यालयाचा पत्ता व वेळ, पाणी, ड्रेनेज, कचरा, पथदिवे आणि रस्ते यांसाठी तक्रार कुठे नोंदवायची, तक्रार क्रमांक का जपून ठेवायचा, घंटागाडीची आपल्या गल्लीतील वेळ, आणि सध्या चालू असलेल्या दोन-तीन कामांचा टप्पा एवढे एका पानावर बसते. ते पान लावल्यानंतर लोक आपणहून प्रश्न घेऊन येतात आणि दुसऱ्या अंकाचे विषय त्या प्रश्नांतूनच ठरवता येतात.