गंजलेला सांधा रेडिओत घोळ घालतो, तो कसा शोधावा

समजा, १००० आणि १२०० किलोहर्ट्झची दोन प्रक्षेपण केंद्रे जवळ आहेत, आणि ८०० किंवा १४०० वर दोन्हींचे कार्यक्रम एकमेकांत मिसळून ऐकू येतात. तिथे तिसरे केंद्र नसेल तर संशय धातूच्या गंजलेल्या सांध्यावर घ्यावा. गंजाचा थर कच्च्या डायोडसारखा (वीज एकाच दिशेने सहज जाऊ देणाऱ्या भागासारखा) वागतो आणि दोन लहरींची भेसळ करतो: दोन वेळा १००० वजा १२०० म्हणजे ८००, दोन वेळा १२०० वजा १००० म्हणजे १४००. कुंपणाची तार किंवा पत्र्याची पन्हाळ आयतीच अँटेना होते.

आधी रिसीव्हरवरचा संशय फेडून घ्या. अँटेना आणि रिसीव्हर यांच्यामध्ये १० डेसिबलचा ॲटेन्युएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात क्षीण करणारा भाग) लावा आणि रिसीव्हरचा सिग्नल मीटर पाहा. नको असलेला सिग्नल साधारण १० डेसिबलनेच उतरला, तर तो बाहेरून येतो आहे. ३०च्या आसपास कोसळला, तर भेसळ रिसीव्हरच्या पोटातच होते आहे. मग फिल्टर लावा, कुंपण धुंडाळण्यात अर्थ नाही.

शोध कोरड्या हवेत घ्या. सांधा ओला झाला की त्रास बऱ्याचदा गायब होतो, आणि पावसात केलेली दुरुस्ती उगीचच यशस्वी वाटते. फेराइट रॉडचा (आत कांडीसारखी अँटेना असलेला) छोटा रेडिओ ८०० वर लावून आडवा फिरवा. आवाज सर्वांत क्षीण होतो तेव्हा रॉडचे टोक उगमाच्या रेषेत असते. दोन-तीन जागांवरून अशा रेषा काढा. तारेजवळ गेल्यावर मात्र ही युक्ती फसते, कारण अख्खी तारच बोलत असते. तिथे एकाने रेडिओ ऐकावा, दुसऱ्याने रबरी हातोडीने एकेक सांधा ठोकावा. ज्या ठोक्याला आवाज कचकन तुटतो, तो सांधा धरा. विजेचे खांब आणि मनोरे यांच्या वाटेला जाऊ नका.

दुरुस्तीत अर्धवटपणा चालत नाही. सांधा एकतर पक्का जोडा, नाहीतर पूर्ण तोडून मध्ये इन्सुलेटर घाला (अर्थिंगचा किंवा आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकाचा सांधा कधीही तोडू नये). बोल्ट सोडवून दोन्ही पृष्ठभाग तारेच्या ब्रशने चकचकीत करा, दातेरी वॉशर घालून आवळा, वरून ग्रीस लावा. नुसता रंग फासून उपयोग नाही, आतला गंज तसाच राहतो. बोल्ट निघतच नसेल तर सांध्याच्या दोन्ही बाजूंना आखूड, रुंद, कथील चढवलेली तांब्याची वेणी जोडा. उघडे तांबे जस्तलेपित लोखंडावर थेट टेकवले की ओलाव्यात जस्त खाल्ले जाते आणि काही दिवसांनी नवाच डायोड तयार होतो.

दुरुस्तीनंतर त्याच जागी, तशाच कोरड्या हवेत मीटर पुन्हा पाहा. आकडा थोडाच उतरला असेल, तर हातोडी घेऊन पुढच्या सांध्याकडे वळा.