या चुका टाळा: पॅनेलच्या पॉवरचा पॅच तपासताना

गुहागरात आषाढात लाईट गेली की मिनिटभरात परतही येते, आणि आई माजघरातून ओरडते, "फ्रीज लगेच लावू नको हां!" बंद झालेल्या कॉम्प्रेसरला थोडा दम घेऊ द्यायचा, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. लॅपटॉपच्या पडद्याच्या (म्हणजे पॅनेलच्या) बाबतीत मीच ते विसरलो आणि तो चालवणाऱ्या लिनक्स ड्रायव्हरचा एक पॅच, म्हणजे कोडमधला बदल, मंजूर करून बसलो. झाकण मिटून लगेच उघडलं की दहातून एखाद्या वेळी पडदा काळाच राही.

चूक पॅच तपासणाऱ्यांची नेहमीचीच. चालू करण्याचा कोड आपण डोळ्यांत तेल घालून वाचतो, बंद करण्याच्या कोडवरून नुसती नजर फिरवतो. ईडीपी (लॅपटॉपच्या आतली पडद्याची जोडणी) पॅनेलचा पुरवठा तोडल्यावर तो पुन्हा देण्याआधी साधारण ५०० मिलिसेकंद जाऊ द्यावे लागतात. डेटाशीटमध्ये, म्हणजे पॅनेलच्या माहितीपत्रकात, याला टी१२ म्हणतात. त्या पॅचमध्ये हा आकडा बरोबर होता. पण 'बंद केलं' ही वेळ टिपली होती अनप्रिपेअरच्या, म्हणजे पॅनेल बंद करणाऱ्या फंक्शनच्या, पहिल्याच ओळीत. तिच्याखाली १०० मिलिसेकंदांची झोप, आणि मग कुठे रेग्युलेटर (पॅनेलला वीज देणारा भाग) बंद. पॅनेलच्या वाट्याला आले जेमतेम ४००.

घड्याळ कोणतं वापरलंय तेही बघा. साधं मोनोटॉनिक घड्याळ मशीन सस्पेंडमध्ये (झोपेत) असताना थांबतं. मग तासभर मिटलेलं झाकण उघडलं तरी ड्रायव्हर उगाच ताटकळतो. इथे सस्पेंडमधला वेळही मोजणारं बूटटाइम घड्याळ हवं, आणि थांबायचं ते फक्त उरलेल्या वेळेपुरतं.

रेग्युलेटर डिसेबल केला म्हणजे वीज गेलीच, असंही धरून चालू नका. तीच लाइन टचस्क्रीनही वापरत असेल तर फक्त रेग्युलेटर किती जण वापरतात ती मोजणी एकाने उतरते, व्होल्टेज तसंच राहतं. पॅनेल अडकलं म्हणून रीसेट करायला जावं, तर ते बंदच झालेलं नसतं.

इंटेलच्या हार्डवेअरवर एककांचा घोळ वेगळाच. बाकीचे विलंब १०० मायक्रोसेकंदांच्या पटीत, हा टी१२ एकटा १०० मिलिसेकंदांच्या पटीत, शिवाय एक जास्त लिहायचा. ५०० साठी ६. इथे ५ दिसला तर लेखकाला जरूर विचारा.

प्रिपेअर, म्हणजे पॅनेल चालू करणारं फंक्शन, मध्येच फसलं तर? रेग्युलेटर चालू झाला, रीसेट पिन सोडली, आणि पुढची पायरी एरर देऊन परतली. तिथे सगळं उलट्या क्रमाने आवरलेलं हवं, नाहीतर मोजणी वर अडकते आणि पुढच्या वेळी वीज खरोखर जातच नाही. बॅकलाइटचं सोपं आहे: चित्र आल्यावर लावायचा, चित्र जाण्याआधी विझवायचा, उलट झालं तर कचरा चमकलेला दिसतोच. स्पिनलॉक (जे धरून झोपायचं नसतं असं कुलूप) धरून एमस्लीप, म्हणजे झोप घेणारं फंक्शन, वापरलेलं दिसलं तर पुढे वाचूच नका, पॅच परत पाठवा.

"कधीतरी होतं" अशी तक्रार आली की डीआरएमचे (लिनक्सच्या ग्राफिक्स यंत्रणेचे) डिबग लॉग लावा आणि रेग्युलेटर बंद-चालू होण्याच्या वेळांची वजाबाकी करा. माझ्या हाताला ते ४०० असेच लागले. दुरुस्ती म्हणाल तर वेळ टिपणारी ओळ रेग्युलेटरच्या खाली नेली, इतकीच. कुडाळच्या सहकाऱ्याने मग झाकण दोनशे वेळा मिटलं, दोनशे वेळा उघडलं. "दादा, पडदा ठीक आहे," तो म्हणाला, "बिजागरी तेवढी कुरकुरायला लागली."