रेडिओआयोडीन घेण्याआधी कोकणातल्या स्वयंपाकघरात काय बदलावे

थायरॉइडच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाल्यावर अनेक रुग्णांना आयोडीन-131 हे किरणोत्सारी औषध तोंडावाटे दिले जाते. थायरॉइडच्या पेशी रक्तातले आयोडीन ओढून घेतात आणि साधे आयोडीन कोणते, किरणोत्सारी कोणते हे त्यांना ओळखता येत नाही. म्हणून औषध त्यांनी नीट शोषावे, यासाठी आधी एक ते दोन आठवडे साधे आयोडीन तोडावे लागते.

किनाऱ्यावरच्या घरात हे पथ्य जड जाते. बांगडा, सुरमई, कोलंबी तर बंदच. पण चूक होते ती सुकटीच्या बरणीपाशी, कारण भाजीत चवीपुरते घातलेले चार सोडे किंवा मूठभर जवळा कोणी मासे म्हणून मोजत नाही. आयोडीनयुक्त मीठही वर्ज्य असते, आणि ते लोणच्यात, पापडात, सांडग्या मिरचीत आधीच मुरलेले असते. त्याऐवजी कोणते मीठ वापरायचे, हे रुग्णालयातल्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागालाच, म्हणजे हे औषध देणाऱ्या विभागालाच, विचारावे. दूध, दही आणि अंड्याचा पिवळा बलकही टाळावा. उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी, ओले खोबरे, फणसाची भाजी आणि चालणारे मीठ घातलेली सोलकढी यांवर दिवस चांगले निघतात.

अलीकडे सीटी स्कॅनसाठी शिरेतून औषध टोचले असेल किंवा जखमेवर पोविडोन आयोडीन लावले असेल, तर ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. दोन्हींत आयोडीन असते. थायरॉइडची गोळी स्वतःहून बंद करू नये. गर्भवतीला हा उपचार देत नाहीत, म्हणून शंका असल्यास आधीच बोलावे.

या औषधाचे बीटा कण एक-दोन मिलिमीटरमध्येच पेशी नष्ट करतात, तर गॅमा किरण शरीराबाहेर येतात. त्यांवरूनच नंतर कॅमेऱ्याने चित्र घेतात आणि त्यांच्यामुळेच रुग्णाला काही दिवस वेगळे राहावे लागते. औषधाची किरणोत्सारिता दर 8 दिवसांनी निम्मी होते, शिवाय बरेचसे लघवीवाटे निघून जाते. म्हणून पाणी भरपूर प्यावे आणि शौचालयात बसून लघवी करून दोनदा पाणी सोडावे. गणपतीला चाकरमानी आणि लहान मुलांनी घर भरते, तेव्हा त्याच्या तोंडावरची तारीख शक्यतो घेऊ नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मुंबईहून रत्नागिरी-सावंतवाडीपर्यंतचा परतीचा प्रवास गर्दीच्या डब्यातून करता येईल का, की गाडीत चालकापासून दूर मागच्या सीटवर बसून यावे लागेल, हे घरी सोडण्याआधी विभागाकडून लिहून घ्यावे.